वीतभर पाणी

पंधरा ऑक्टोबरला मला अजून लवकर जाग येते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघ्याला पट्टा आला, पण त्या दिवशी आठ वाजायच्या आत अंघोळ करून मी खुर्चीत बसलेला असतो. जणू कोणी आकडा घेऊन येणार आहे. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याचा काहीतरी उपास असेल.

त्या दिवशी धरणाचं वर्ष सुरू होतं. पावसाळा सरलेला असतो. यायचं ते पाणी आलेलं असतं आणि पुढच्या जूनपर्यंत जे आहे ते एवढंच असतं. त्या सकाळची पातळी वहीत चढते आणि तिच्यावरून सगळं ठरतं: गव्हाला किती पाळ्या द्यायच्या, हरभऱ्याला किती, गावांना प्यायला किती राखायचं आणि उन्हाळ्यात भाजीवाल्यांना काही द्यायचं की त्यांच्यापुढे हात जोडायचे. पाळी म्हणजे नहरीला, कालव्याला, पाणी सोडण्याची एक फेरी.

अशाच एका पंधरा ऑक्टोबरच्या नोंदीबद्दल मला लिहायचं आहे. ती नोंद बरोबर होती. ती चुकली असं मी कागदावर लिहिलं आणि ज्याच्या हातची ती होती त्याला ते भोगायला लावलं. तो माणूस आता नाही. मी आहे, आणि मलाही आता फार दिवस काढायचे नाहीत.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झालो आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली त्या धरणावर झाली. धरण आमच्याच वर्धा जिल्ह्यातलं, मध्यम आकाराचं. नाव लिहीत नाही. मी मूळचा वडनेरकडचा. आमची शेती काळी, चांगली, पण सगळी आभाळाकडे पाहणारी. कापूस, तूर आणि विहिरीला पाणी राहिलंच तर दोन वाफे कांदा. नहर मी लहानपणी फक्त मामाच्या गावाला पाहिलेली. त्यामुळे धरणाच्या भिंतीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा छाती भरून आली होती. एवढं पाणी, आणि ते वाटायचं काम माझ्याकडे. वय सव्वीस, लग्न नुकतंच झालेलं. ज्यानं जन्मभर आपल्याला पाणी मिळालं नाही हे पाहिलं, त्याला दुसऱ्याला पाणी देण्याची फार हौस असते. या हौसेतूनच पुढचं सगळं घडलं.

वसाहतीत सहा क्वार्टर होते. दोन रिकामे, एकात ऑफिस, एकात आम्ही. समोर कडुनिंब, मागे बोरी. सकाळी साडेसातला भिंतीवरून एक छत्री चालत यायची. पाऊस असो वा ऊन, छत्री उघडी. ते आमचे पातळी वाचणारे बाबाजी. तेव्हा पंचावन्नच्या पुढचे असतील. धोतर, त्यावर खात्यानं दिलेला खाकी कोट, पायात टायरच्या चपला. त्यांचं गाव या धरणातच बुडालेलं. जमीन आणि घर पाण्यात गेलं तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली होती. त्यांना मिळाली ती आपल्याच गावावर किती पाणी चढलं ते रोज मोजण्याची.

चौथीपर्यंत शिकलेले होते, पण अक्षर असं की वहीचं पान पाहत राहावं. भिंतीतून आत पाण्यात गेलेल्या मनोऱ्यावर रंगवलेली मोजपट्टी होती. ते पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी उकिडवे बसत, लाट थांबायची वाट पाहत, तीनदा वाचत आणि मग वर येऊन वहीत लिहीत. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावत आणि पाण्याकडे बघून एकदा मान हलवत. नमस्कार नव्हता तो. शेजाऱ्याला दारातून बघून आपण जशी मान हलवतो, तसं.

ऑफिससमोर बाष्पीभवन मोजायचं पसरट भांडं होतं. उन्हानं रोज किती पाणी उडतं ते त्यातली पातळी पाहून कळायचं. त्याच्यावर जाळी असायची, पण ती गंजून फाटलेली आणि कावळे खुशाल येऊन पाणी पीत. मी नवीन जाळी मागवली, ती यायला दीड वर्ष लागलं. तोवर बाबाजी भांडं वाचून अंदाजानं थोडं वजा करत.

"हे काय वजा केलं, बाबाजी?" मी विचारलं.

"कावळ्याचा हिस्सा, जी."

"तो कसा मोजला?"

"चार कावळे येतेत. एक म्हातारा हाये, थो जास्त पेते."

माझी बायको खिडकीत उभी होती. ती इतकी हसली की चहा उतू गेला. तेव्हापासून बाबाजींना रोज आमच्याकडे चहा ठरला. ते कपात कधी पीत नसत, बशीतच. साखर त्यांना जास्त लागे. मलाही लागे. "सायबाले अन् मले एकच रोग," असं ते बायकोला सांगत आणि पुन्हा साखर मागत.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. थंडीत पाण्यावरून वाफा निघायच्या आणि परदेशी बदकं उतरायची. पहिली पाळी सोडायच्या आधीच्या मंगळवारी बाबाजी सायकलने केळझरच्या गणपतीला जाऊन येत आणि आणलेला नारळ नहरीच्या दरवाजाच्या चाकावर फोडत. मग चाक फिरवायचं. आधी नुसता आवाज, पोटातून आल्यासारखा. मग नहरीत गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकायची, वाळकी पानं, काटक्या, मेलेले खेकडे ढकलत. आम्ही सगळे तिच्याबरोबर काठाकाठाने चालत जायचो, पहिल्या पुलापर्यंत. काम म्हणून कोणी जात नसे.

वर्षाचं नियोजन मी घरच्या जेवणाच्या टेबलावर करायचो. मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर. एका बाजूला एक तक्ता असायचा, धरण बांधलं तेव्हा तयार केलेला. पातळी इतकी असेल तर साठा इतका, असं त्यात सेंटिमीटरगणिक लिहिलेलं. त्यातून दरवाजाच्या उंबरठ्याखालचं, कधीच बाहेर न येणारं पाणी वजा करायचं. पिण्याचं राखून ठेवायचं. ऊन किती खाईल ते वजा. नहरीत किती मुरेल ते वजा. उरेल ते महिन्यांच्या रकान्यात बसवायचं. सगळं बसलं की मी कागद उचलून बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "म्हणजे आपला महिन्याचा किराणाच की."

दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी तिला घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्या उतरलो. पट्टी कशी वाचतात ते दाखवायला. मी आकडा वाचला. वर येऊन वही पाहिली तर सकाळच्या नोंदीत एक वीत कमी लिहिलेली. पाणी त्या दिवसात कुठे सोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आधी वाचलं, मग बाबाजींना वाचू दिलं. पुन्हा एक वीत कमी. मग जुन्या वह्या काढून बसलो. ज्या वर्षी सांडव्यावरून पाणी वाहिलं होतं, त्या वर्षी सांडवा थांबला त्या दिवशीची नोंद बरोबर होती. कारण सांडवा सगळ्यांनाच दिसतो. पण पुढच्या आठ-दहा दिवसांत ते रोज बोटबोट जास्त उतरवत गेले होते आणि वीतभर फरक पडला की थांबले होते.

मी त्यांना ऑफिसात बोलावलं. "बाबाजी, तुम्ही पाणी चोरून ठेवता."

ते रागावले नाहीत. "चोरून कायले, जी? पाणी तठीच हाये."

"मग कमी का लिहिता?"

"धरणाले गाळ खाऊन राह्यला, सायब. तुमच्या तक्त्याले थे माहीत नाई. उन्हाळ्यात पाणी उतरलं का आमची विहीर उघडी पडते. तुमाले दाखवतो. मंग तुमीच सांगजा किती लिहावं."

बुडालेल्या गावात त्यांची विहीर होती, हे ते नेहमी सांगत. मला वाटलं, म्हाताऱ्याला पकडलं म्हणून तो विहिरीची गोष्ट सांगतोय. आणि खरं सांगायचं तर मला राग आलाच नव्हता, आनंद झाला होता. वीतभर पाणी त्या एवढ्या पसाऱ्यावर पसरलं की ते थोडं नसतं. तक्त्यात पाहिलं तर जवळजवळ एक पाळी बसत होती. कोणाच्याच हिशेबात नसलेली पाळी मला सापडली होती, आणि ती कोणाला द्यायची ते मला लगेच कळलं होतं.

नहरीच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे टेलच म्हणतात. टेलला एक गाव होतं, घरोघर भाजीपाला करणारं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची. त्यांचा माल वर्ध्याला आणि आसपासच्या आठवडी बाजारांना जायचा. हिवाळ्यात त्यांना रडतखडत पाणी मिळे. उन्हाळ्यात कधीच नाही. दर वर्षी बैठकीला ते येत आणि मागच्या रांगेत बसत. दर वर्षी एक उन्हाळी पाळी मागत आणि 'पाहू' ऐकून परत जात.

त्या वर्षी पंधरा ऑक्टोबरला मी स्वतः बाबाजींबरोबर पायऱ्या उतरलो.

"पट्टीवर दिसतं तेच लिहायचं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायब, एक साल थांबून पाहा न. विहीर पाहा."

"बाबाजी, पट्टी खोटं सांगत नाही."

"पट्टी नाई सांगत. तक्ता सांगते."

मी वही त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "तुमी सायब. तुमी म्हणान थे लिहतो." आणि त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा लिहिला. त्या दिवशी त्यांनी पाण्याकडे बघून मान हलवली नाही. हे मला तेव्हाही दिसलं होतं.

पाणीवाटपाची बैठक शाळेच्या वर्गात झाली. चहा, चिवडा, नहरीच्या वरच्या गावांची भांडणं, सगळं दर वर्षीसारखं. शेवटी मी उभा राहिलो आणि सांगितलं की यंदा एप्रिलमध्ये टेलला उन्हाळी पाळी मिळेल. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "सायब, पुन्हा एकडाव म्हना." मी पुन्हा म्हटलं. बाहेर पडताना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यात इतका मोठा मी पुन्हा कधी झालो नाही.

बाबाजींची मुलगी त्याच गावात दिलेली होती. हे मला बैठकीनंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. चहाला आले तेव्हा म्हणाले, "पोरीचे सासरे खूश हायेत. भेंडी, गवार, काकडी, सगळी वावरभर लावतो म्हणतेत. मी पोरीले म्हणलं, लावू नको. तं सासरा हासला. म्हणे, सायब म्हणते पाणी देतो अन् तुहा बाप म्हणते नाई. सायब मोठा का तुहा बाप?"

"मग बरोबरच म्हणाले," मी म्हटलं. मी हसलो होतो. बायको हसली नव्हती.

जानेवारीतच आकडे जुळेनात. जेवढं सोडलं त्यापेक्षा साठा जास्त घटत होता. मी तो फरक बाष्पीभवनाच्या रकान्यात टाकला. फेब्रुवारीत पुन्हा टाकला. बाबाजी वही बघून म्हणाले, "यंदा कावळ्यायनं खूब पाणी पेलं वाटते, सायब." मी त्यांना म्हटलं, आपलं काम करा.

एप्रिलमध्ये पाळी सोडली. पाणी टेलच्या गावाच्या अलीकडच्या पुलापर्यंत पोचलं. तिथे ते एक दिवस राहिलं, बारीक झालं आणि आटलं. धरणात पातळी दरवाजाच्या उंबरठ्याला टेकली होती. चाक पूर्ण उघडून मी पाहत होतो आणि खालून नुसती हवा येत होती.

त्याच दुपारी मी बाबाजींबरोबर विहिरीकडे गेलो. गाळाला भेगा पडल्या होत्या, त्यांवरून उड्या मारत चालावं लागत होतं. ते आपल्या गावातून मला घेऊन चालले होते. हे देऊळ, हे पाटलाचं अंगण, हे आमचं. मला चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. मग विहीर आली. तिचा दगडी कठडा गाळातून हातभरही वर नव्हता. आत तोंडापर्यंत गाळ. एक गवताची काडी उगवलेली.

"धरण पहिल्यांदा उतरलं तवा हा कठडा माह्या छातीएवढा होता," बाबाजी म्हणाले. "दरसाल येऊन पाह्यतो. पहिल्या साली गाळ दिसला तवा एक बोट कमी लिहलं. मंग दोन. विहीर जितकी बुजे तितकं मी कमी करत गेलो. आता वीत झाली."

त्यांनी हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. घर दाखवताना माणूस कुठली खोली कधी बांधली ते सांगतो, तसं सांगितलं. कठड्यावर बसले आणि तंबाखू मळू लागले. मी उभाच राहिलो. मला सापडलेलं पाणी कधी नव्हतंच. वीस वर्षांचा गाळ तिथे होता, आणि तो मोजणारा खात्यात एकच माणूस होता.

टेलचे लोक ऑफिसवर आले. भांडले नाहीत. वाळलेल्या भेंडीच्या दोन झाडांच्या मुळ्यांना माती तशीच ठेवून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. पुढच्या आठवड्यात वरून पत्र आलं. जाहीर केलेली पाळी पूर्ण का झाली नाही, याचा खुलासा करावा.

खुलासा सोपा होता. गेल्या वीस वर्षांची वाचनं मी बाजूला सारली, वाचणाऱ्यानं सावध केलं असतानाही न पाहता पाळी जाहीर केली आणि तूट दिसल्यावर ती बाष्पीभवनात लपवली. एवढं लिहायचं होतं. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी पहिलं मूल येणार होतं. मी तीन दिवस कागद घेऊन बसलो आणि चौथ्या दिवशी लिहिलं, की पंधरा ऑक्टोबरची पातळी वाचताना वाचकाकडून चूक झाली, प्रत्यक्ष पातळी सुमारे एक वीत कमी असावी. मागच्या सगळ्या वह्या साक्षीला होत्याच. त्या एका दिवसापासूनच आकडा अचानक चढलेला होता, आणि अक्षर त्यांचं होतं.

खाली त्यांची कबुलीची सही लागणार होती. मी त्यांना बसायला सांगितलं. "बाबाजी, तुमची दोनच वर्षं राहिलीत. तुम्हाला फार तर ताकीद मिळेल. माझं सगळंच जाईल."

त्यांनी कागद पूर्ण वाचला. हळूहळू, ओठ हलवत. मग सही केली. उठताना म्हणाले, "एक करजा, सायब. टेलवर जाऊन सांगजा, का मले आकडा वाचता येते. तठी माही पोरगी हाये."

"जातो," मी म्हटलं. "याच आठवड्यात."

मी गेलो नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही.

ताकीद मिळाली नाही. त्यांना वाचनाच्या कामावरून काढलं आणि नहरीवर गवत काढायला टाकलं. धरणाच्या भिंतीवर यायचं त्यांना कारण उरलं नाही. साडेसातची छत्री बंद झाली. चहालाही ते येईनासे झाले. बायकोने एकदा निरोप धाडला, तर उत्तर आलं, "साखर सोडली, म्हणा." दोन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा मी दुसऱ्या उपविभागात होतो. नंतर एकदा ऐकलं की गेले.

बऱ्याच वर्षांनी धरणाच्या गाळाची रीतसर मोजणी झाली आणि नवा तक्ता आला. मी तेव्हा वरच्या हुद्द्यावर होतो, माझ्याच टेबलावरून तो पुढे गेला. मी त्या ऑक्टोबरची पातळी त्यात शोधली. जुन्या तक्त्यातला तोच साठा नव्यात किती वर येतो ते पट्टी लावून पाहिलं. वीतभराहून थोडं जास्त. मधल्या वर्षांचा गाळ धरला तर बाबाजी बोटभरही चुकले नव्हते. मी तक्त्यावर सही केली आणि फाइल पुढे पाठवली.

मागच्या वर्षी सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळ्यासाठी गेलो होतो. रांगेत कोणी जागेवरून वाद घालत होतं, त्याला मी दोन शब्द सांगितले. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी, डोळ्यावर हिरवी पट्टी, माझ्याकडे वळली.

"तुमी धरणावरचे सायब न, जी? आवाज तोच हाये."

बाबाजींची मुलगी. साठीच्या पुढची. ती बोलत राहिली. "बाबा तुमची याद काढे. सायबाले अन् मले एकच रोग, म्हणे."

तिचा नंबर लागला आणि ती आत गेली. मी माझा नंबर सोडून बाहेर आलो.

पंधरा दिवसांनी तिच्या गावाला गेलो. ती ओट्यावर सांभाराच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं, क्रमानं, इथे लिहिलं तसं. तिचे हात थांबले नाहीत. झाल्यावर तिने एक जुडी उचलून तिचे देठ सारखे केले.

"लोक काय म्हणत माहीत हाये का तुमाले?" ती म्हणाली. "म्हणत, बुढ्याले आपली चूक माहीत होती. म्हणूनच आपल्या पोरीले सांगतलं लावू नको, अन् गावाले सांगतलं नाई. सासरे म्हणले, असा माणूस माह्या घरी नाई पाह्यजे. मंग बाबा कदी आलेच नाई. मी माहेरी जाई तवाच भेट. हा ओटा त्याहीनं पुन्हा पाह्यला नाई."

मी हे ऐकलेलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांची खुर्ची घेतली. घर घेतलं होतं हे माहीत नव्हतं.

"मले सांगून काय फायदा?" ती म्हणाली. "मले माहीतच होतं का माह्या बापाले वाचता येते. मले त्याहीनंच आकडे शिकवले. जे म्हणत होते त्याहीले सांगा. पाच-सात बुढे अजून हायेत. ऑक्टोबरात पाण्याची बैठक होईन, तवा येजा."

"येतो," मी म्हटलं.

"मागच्या खेपेसारखं नको," ती म्हणाली. म्हणजे बापानं तिला तेही सांगितलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात मी गेलो. बैठक समाज मंदिरात होती. आता पातळी एक यंत्र वाचतं आणि आकडा थेट मोबाइलवर येतो. इंजिनिअर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं मला आधी बोलू दिलं. मी उभा राहिलो. इथेही मागची रांग होती आणि तिच्यात म्हातारे बसले होते. मी म्हटलं की त्या वर्षी बाबाजींनी आकडा बरोबर वाचला होता. त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पाळी मी जाहीर केली आणि दोष त्यांच्या नावावर मीच लिहिला. मुलीला लावू नको म्हणाले, कारण तिच्यापुरतं सांगणं तेवढंच त्यांच्या हातात होतं. गावाला सांगायचं काम माझं होतं.

मग मागून एक जण म्हणाला, "म्हणजे बुढ्याले वाचता येत होतं."

"येत होतं," मी म्हटलं.

"अन् भेंडी तुमच्यामुळे गेली."

"हो."

"तं हे तवाच सांगाचं न, सायब. आमी बुढ्याले बोलावून चहा पाजला असता. आता कोणाले पाजू?"

बायकांच्या बाजूने बाबाजींच्या मुलीचा आवाज आला, "मले पाजा न."

कोणी तरी हसलं. मग त्या म्हाताऱ्यानं खरंच चहा आणायला माणूस पाठवला, आणि पहिला कप तिच्याकडे गेला. ती बशीत ओतून प्यायली. मला कोणी विचारलं नाही आणि ते बरोबर होतं. इंजिनिअर मुलीनं आपला आकडा सांगायला मोबाइल हातात घेतला, तेव्हा तीच बशी खाली ठेवत म्हणाली, "बाई, आधी थे सांगा, का या आकड्यातून गाळ काढला का नाई?"

मुलगी जरा गोंधळली. मग म्हणाली, "नवीन मोजणीचा तक्ता आहे, काकू. पण तीही आता जुनी झाली."

"मंग विहीर पाहून या," ती म्हणाली. "मंग सांगा."

ती जुनी वही कोणत्या दफ्तरात आहे, आहे की वाळवीनं खाल्ली, मला माहीत नाही. तिच्यात आता काही दुरुस्त करता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. त्या पंधरा ऑक्टोबरच्या सकाळी आठ वाजताचं वाचन बरोबर होतं. त्याआधीच्या वीस वर्षांची वाचनं पट्टीप्रमाणे चूक होती आणि पाण्याप्रमाणे बरोबर. खुलाशावरची सही त्यांची होती, पण त्यातलं प्रत्येक वाक्य माझं होतं.

या एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर ती इंजिनिअर मुलगी गाळात गेली होती. तिनं मला फोन केला. बाबाजींच्या मुलीनं खुणा सांगितल्या होत्या, देऊळ, पाटलाचं अंगण, त्यावरून ती शोधत होती. "सर, इथे नुसता सपाट गाळ आहे, विहीर कुठेच दिसत नाही," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, म्हणजे बरोबर जागी उभी आहेस.